दोघांचं युद्ध सगळ्यांचं कधी होतं? डिसेंबर १९७१ मधल्या एका रविवारपासून सुरुवात

१२ डिसेंबर १९७१, रविवार. भारत-पाकिस्तान युद्धाचा दहावा दिवस. आपल्या फौजा नद्या ओलांडत ढाक्याकडे सरकत होत्या. मुंबईत अंधार पडला की दिवे मालवायचे, खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवलेले, घरोघरी कान रेडिओला लागलेले. त्याच दिवशी सकाळी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन आणि त्यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर याच युद्धावर बोलत बसले होते. मध्येच किसिंजर यांचे सहायक जनरल अलेक्झांडर हेग निरोप घेऊन आले. संयुक्त राष्ट्रांतल्या चिनी प्रतिनिधींना तातडीने भेटायचं आहे, असा तो निरोप.

त्या निरोपाचा एकच अर्थ लावला गेला: चीन भारताविरुद्ध सैन्य हलवणार. मग पुढचा हिशेब आपोआप मांडला जाऊ लागला. चीन हलला तर सोव्हिएत संघ चीनवर चालून जाईल. तसं झालं तर अमेरिकेने काय करायचं? चीनला एकटं सोडायचं नाही, इथवर बोलणं गेलं. अण्वस्त्रांचाही विषय निघाला. निक्सन यांनी आपल्याच कार्यालयात ध्वनिमुद्रणाची यंत्रणा बसवून घेतली होती. त्या फिती आणि कागदपत्रं पुढे खुली झाली, म्हणून आज हे आपल्याला माहीत आहे.

दुपारी हेग न्यूयॉर्कला जाऊन चिनी प्रतिनिधी ह्वांग ह्वा यांना भेटले. चिन्यांचं म्हणणं वेगळंच निघालं. त्यांना संयुक्त राष्ट्रांतल्या युद्धबंदीच्या ठरावाबद्दल बोलायचं होतं. सैन्य हलवण्याची गोष्टच नव्हती.

एका निरोपाचा चुकीचा अर्थ लागला आणि काही तास तीन अण्वस्त्रधारी सत्तांच्या युद्धाचा विचार झाला. मूळ भांडण होतं पूर्व बंगालचं.

युक्रेन असो, पश्चिम आशिया असो की तैवानची सामुद्रधुनी, कुठेही ठिणगी पडली की लोक विचारतात, यातून महायुद्ध होईल का? हा प्रश्न भाबडा नाही. पण त्याचं उत्तर कुणाकडे किती रणगाडे, किती क्षेपणास्त्रं यावरून मिळत नाही. एखादं युद्ध दोघांत राहणार की पसरणार, हे बऱ्याचदा रणांगणापासून हजारो मैल दूर ठरतं. मागे उभ्या असलेल्या मोठ्या सत्तेला आपली पत जाण्याची भीती किती वाटते आणि विचार करायला तिच्याकडे किती वेळ उरला आहे, या दोन गोष्टी मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात.

भांडण कुणाचं, पत कुणाची

गावात बांधावरून भांडण लागतं ते हातभर जमिनीचं. एकाने नांगरताना बांध कोरला, दुसऱ्याने जाब विचारला. मोजणी आणली, खुणा रोवल्या की मिटण्यासारखी गोष्ट. पण गावात दोन गट असले, एक भाऊ एका गटाचा आणि दुसरा दुसऱ्याचा असला, की मोजणीने काही मिटत नाही. गटाचा पुढारी बांधाकडे बघतच नसतो. त्याच्या डोक्यात एवढंच असतं की आपल्या माणसावर हात पडला आणि आज आपण गप्प बसलो, तर उद्या आपल्यामागे कोण उभं राहील? समोरच्या गटाचा पुढारीही अगदी तेच म्हणत असतो. बांध बाजूला राहतो आणि गाव दोन फळ्यांत उभं राहतं.

१९७१ मध्ये नेमकं हेच झालं. २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्कराने पूर्व बंगालमध्ये दडपशाही सुरू केली. पुढच्या काही महिन्यांत सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. या प्रश्नाचा अमेरिका-सोव्हिएत वैराशी मुळात काही संबंध नव्हता. निवडणूक जिंकलेल्या बंगाली पुढाऱ्यांना सत्ता नाकारली गेली, माणसं मारली गेली आणि त्याचा भार शेजाऱ्यावर पडला, एवढी ती गोष्ट.

पण त्याच वर्षी जुलैमध्ये किसिंजर पाकिस्तानात आले होते. पोट बिघडल्याचं निमित्त करून ते नथियागलीला विश्रांती घेत आहेत असं बाहेर सांगण्यात आलं आणि प्रत्यक्षात ते गुपचूप बीजिंगला जाऊन आले. अमेरिका आणि कम्युनिस्ट चीन यांच्यात वीसेक वर्षं धड बोलणं नव्हतं. ते दार उघडलं जात होतं आणि मधला दुवा होते पाकिस्तानचे लष्करी अध्यक्ष याह्या खान. फेब्रुवारी १९७२ मध्ये निक्सन स्वतः चीनला जाणार होते. त्यामुळे वॉशिंग्टनला ढाक्याकडे बघताना बीजिंगच दिसत होतं. सोव्हिएत शस्त्रं घेतलेला भारत आपल्या मित्राचे दोन तुकडे करतोय आणि आपण नुसते बघत बसलो, तर चीन म्हणेल यांच्या मैत्रीचा उपयोग काय? ही भीती एवढी मोठी झाली की पूर्व बंगालमधल्या कत्तलीबद्दल ढाक्यातल्या अमेरिकी अधिकाऱ्यांनीच पाठवलेला निषेधही तिच्यापुढे हलका ठरला.

इकडे ९ ऑगस्टला दिल्लीत भारत आणि सोव्हिएत संघ यांनी मैत्रीचा करार केला. सरदार स्वर्णसिंग आणि आंद्रेई ग्रोमिको या परराष्ट्रमंत्र्यांनी त्यावर सह्या केल्या. दोघांपैकी कुणावर हल्ला झाला किंवा हल्ल्याचा धोका निर्माण झाला, तर लगेच एकमेकांशी विचारविनिमय करायचा, असं त्यात एक कलम होतं. युद्धात उतरू असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. पण डिसेंबरमध्ये सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचे ठराव आले, तेव्हा सोव्हिएत संघाने तीन वेळा नकाराधिकार वापरला. आमसभेत मात्र १०४ देशांनी युद्धबंदीच्या बाजूने मत दिलं, विरोधात फक्त ११. जगाच्या चावडीवर आपण जवळजवळ एकटे होतो, हे आज आपण विसरून गेलो आहोत.

मग निघालं अमेरिकेचं आरमार. १० डिसेंबरला हुकूम सुटला आणि व्हिएतनामच्या बाजूची जहाजं बंगालच्या उपसागराकडे वळली. पुढे होती अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू युद्धनौका एंटरप्राइझ, ३४० मीटरहून लांब. आपली विक्रांत होती २१३ मीटर लांब आणि तिच्या एका बॉयलरला तडा गेलेला, त्यामुळे पूर्ण वेगाने पळणंही तिला शक्य नव्हतं. तशा अवस्थेत तिच्यावरची सी हॉक आणि अलिझे विमानं कॉक्स बझार आणि चित्तगाववर हल्ले करत होती. पुढे ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, तेव्हा ज्यांनी तिच्या डेकवर पाय ठेवला असेल, त्यांनी मनाशी एक चित्र उभं करून बघावं. त्या डेकच्या दीडपटीहून लांब जहाज मलाक्काच्या सामुद्रधुनीतून आपल्या दिशेने येतं आहे आणि त्याच्या मागावर व्लादिवोस्तोकहून निघालेल्या सोव्हिएत युद्धनौका आणि पाणबुड्या आहेत. लढत होते भारत आणि पाकिस्तान, आणि समुद्रात एकमेकांचा माग काढत होत्या दोन महासत्ता.

कशामुळे थांबलं?

चीन हलला नाही, हे पहिलं कारण. हिमालयातल्या खिंडी बर्फाने बंद झाल्या होत्या. जनरल माणेकशा यांनी हिवाळ्याची वाट पाहिली, त्यामागे हा एक विचार होता. शिवाय १९६९ मध्ये उसुरी नदीवर चीन आणि सोव्हिएत संघाच्या सैनिकांत चकमकी झाल्या होत्या, चीनच्या उत्तर सीमेवर सोव्हिएत फौजा मोठ्या संख्येने होत्या, आणि १९७१ च्या सप्टेंबरमध्ये माओंचे वारसदार मानले जाणारे लिन बियाव यांच्या मृत्यूने बीजिंगमध्ये आतूनच हादरा बसला होता. मित्रासाठी तोंडाने बोलायचं, ठराव मांडायचा, पण सैन्य घालायचं नाही असं चीनने ठरवलं. पाठीराखा प्रत्येक वेळी उडी घेतोच असं नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. निक्सन-किसिंजर यांना खरी भीती होती ती ढाका पडल्यावर भारत पश्चिम पाकिस्तानवर उलटेल याची. १२ तारखेलाच निक्सन यांनी मॉस्कोशी थेट जोडलेल्या हॉटलाइनवरून सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांना संदेश पाठवला. सोव्हिएत उपपरराष्ट्रमंत्री कुझनेत्सोव्ह दिल्लीत येऊन बसले होते आणि इंदिरा गांधींचे विश्वासू दुर्गाप्रसाद धर मॉस्कोत होते. पश्चिमेकडचा भूभाग गिळण्याचा भारताचा इरादा नाही, हे आश्वासन दिल्लीहून मॉस्कोला आणि मॉस्कोहून वॉशिंग्टनला पोचलं. मोठ्या सत्तेने आपल्या मित्राला शस्त्रं दिली, नकाराधिकाराची ढाल दिली, आणि त्याच वेळी त्याच्या खांद्यावर हातही ठेवला.

१६ डिसेंबरला ढाक्यात जनरल नियाझी यांनी शरणागतीवर सही केली. ते छायाचित्र आपल्या शाळांच्या भिंतींवर आहे आणि ते असायलाच हवं. पण इंदिरा गांधींनी पश्चिम आघाडीवर १७ डिसेंबरच्या रात्री ८ पासून एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली, त्या निर्णयाचं छायाचित्र नाही आणि त्याची आठवणही फारशी निघत नाही. हाती विजय असताना थांबायचं ठरवणं ही त्या युद्धातली तितकीच मोठी कामगिरी होती असं मी मानतो. मनात काय आहे ते आधीच सांगितलं होतं आणि तसंच वागून दाखवलं, म्हणून बंगालच्या उपसागरात आलेल्या जहाजांना करण्यासारखं काही उरलं नाही.

दोरी तुटली नाही तेव्हा

आता जिथे कुणीच थांबलं नाही तो प्रसंग. २८ जून १९१४ रोजी साराएव्हो शहरात ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी यांना गाव्रिलो प्रिंसिप या १९ वर्षांच्या तरुणाने गोळ्या घातल्या. ऑस्ट्रियाला सर्बियाची खोड मोडायची होती. बाल्कनमधलं भांडण, त्या भागात दोन वर्षांत दोन युद्धं होऊन गेलेली. पण ५ जुलैला जर्मनीच्या कैसरने ऑस्ट्रियाला सांगितलं की तुम्ही काय कराल ते करा, आम्ही पाठीशी आहोत. इतिहासात याला कोरा चेक म्हणतात. जर्मनीने असं का केलं? ऑस्ट्रिया हा तिचा एकच भरवशाचा मोठा मित्र उरला होता आणि तो दुबळा पडताना तिला दिसत होता. सर्बियामागे रशिया होता. १९०९ मध्ये बोस्नियाच्या प्रश्नावर जर्मनीच्या दबावापुढे रशियाला मान खाली घालावी लागली होती. पुन्हा तसंच झालं तर बाल्कनमध्ये आपल्याला कोण विचारणार, हा तिथल्या मंत्र्यांचा सवाल. बांधावरचे दोन पुढारी इथेही आहेत, फक्त त्यांच्या अंगावर गणवेश आहेत.

यात भाऊबंदकी अक्षरशः होती. कैसर विल्हेल्म हा ब्रिटनच्या पाचव्या जॉर्जचा आतेभाऊ. रशियाचा झार निकोलस हा जॉर्जचा मावसभाऊ. झारची बायको कैसरची मावसबहीण. शेवटच्या दिवसांत कैसर आणि झार एकमेकांना ‘विली’ आणि ‘निकी’ अशा सह्या करून तारा पाठवत होते. त्या तारांमुळे झारने एकदा सार्वत्रिक सैन्य जमवण्याचा हुकूम मागेही घेतला. दुसऱ्या दिवशी, ३० जुलैला, सेनाधिकाऱ्यांच्या आग्रहापुढे तो पुन्हा दिला.

हे सैन्य जमवणं म्हणजे काय ते नीट समजून घेतलं पाहिजे, कारण १९१४ चं खरं रहस्य तिथे आहे. त्या काळात लाखो राखीव सैनिक आपापल्या गावी शेती-धंदा करत असत. हुकूम निघाला की त्यांनी ठरलेल्या स्टेशनवर जायचं, कपडे-बंदूक घ्यायची, घोडे गोळा करायचे आणि मिनिटाबरहुकूम आखलेल्या आगगाड्यांनी सीमेवर पोचायचं. ही वेळापत्रकं बनवायला वर्षानुवर्षं लागत. मध्येच थांबवलं तर अर्धी माणसं एका टोकाला आणि तोफा दुसऱ्या टोकाला. समोरचा आधी सुरू झाला आणि आपण दोन दिवस उशीर केला, तर देश हातचा गेला, अशी प्रत्येकाची धास्ती. त्यातून जर्मनीची योजना तर अशी की रशियाशी लढायचं झालं तरी आधी बेल्जियममधून फ्रान्सवर जायचं, कारण रशियाला सैन्य जमवायला वेळ लागेल. म्हणजे पूर्वेकडचं भांडण सुरू झालं की हल्ला पश्चिमेकडे होणार, हे कागदावर आधीच ठरलेलं.

ऑस्ट्रियाच्या निर्वाणीच्या खलित्याला सर्बियाने दिलेलं उत्तर कैसरने २८ जुलैला सकाळी वाचलं. बहुतेक मागण्या मान्य झालेल्या पाहून त्याने लिहिलं की आता युद्धाचं कारणच उरलेलं नाही. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने तारेने सर्बियाशी युद्ध पुकारलं. १ ऑगस्टला लंडनहून आलेल्या एका तारेवरून कैसरला वाटलं की फ्रान्स बाहेर राहील, तेव्हा त्याने सरसेनापती मोल्टकेला सगळं सैन्य पूर्वेकडे वळवायला सांगितलं. मोल्टके म्हणाला, ते शक्य नाही, लाखोंच्या हालचाली ऐनवेळी बदलता येत नाहीत. लंडनच्या त्या तारेतही गैरसमजच निघाला. युद्धानंतर जर्मन लष्कराच्या रेल्वे विभागाच्या प्रमुखाने मात्र लिहिलं की गाड्या वळवता आल्या असत्या.

४ ऑगस्टला जर्मन सैन्य बेल्जियममध्ये शिरलं. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९ च्या करारात दिलेली, म्हणून ब्रिटन उतरलं. आणि ब्रिटन उतरलं की भारताला विचारायचा प्रश्नच नव्हता. दहा लाखांहून जास्त भारतीय माणसं समुद्रापार गेली आणि ७४ हजारांच्या आसपास परत आली नाहीत. नोव्हेंबरमध्ये तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने आल्यावर अबादानच्या तेलासाठी आणि आखातावरच्या पकडीसाठी जी फौज बसऱ्याला उतरली, ती होती सहावी पूना डिव्हिजन. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी तिच्यात होत्या. आजच्या इराकमधल्या कूत इथे तुर्कांनी त्यांना जवळजवळ पाच महिने वेढून धरलं. उपासमार झाली, घोडे आणि खेचरं खाण्याची वेळ आली. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार जण शरण गेले आणि त्यातले कित्येक पुढच्या पायपिटीत आणि कैदेत मेले.

सातारा आणि कोकणातल्या काही गावांत आजही त्या काळची दगडी पाटी दिसते. इंग्रजी अक्षरांत कोरलेलं असतं: या गावातून इतके पुरुष महायुद्धाला गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. नावं नसतात. दोन आकडे, खाली शेंदूर नाही की फूल नाही, बाजूला एखादी दुचाकी लावलेली. युद्ध पसरणं म्हणजे काय ते मला नकाशापेक्षा अशा पाटीवरून जास्त कळलं.

करार असला म्हणजे उडी घ्यावीच लागते, असा समज १९१४ मुळे झाला आहे आणि तो पुरता खरा नाही. इटलीचा करार जर्मनी आणि ऑस्ट्रियाशी होता. ऑगस्ट १९१४ मध्ये ती बाहेर राहिली आणि १९१५ च्या मे महिन्यात उलट बाजूने उतरली. नाटोच्या पाचव्या कलमातही एकावरचा हल्ला तो सर्वांवरचा हल्ला असं म्हटलं असलं, तरी प्रत्येक देशाने आवश्यक वाटेल ती कृती करायची, एवढंच त्यात बांधून घातलेलं आहे. करारात शब्द कमी असतात. ते पाळले नाहीत तर जग काय म्हणेल, ही भीती कराराबाहेरची असते आणि तीच मोठी.

नाकापेक्षा मोती जड

अण्वस्त्रं आल्यावर तरी हे बदललं का? बदललं, पण आपल्याला वाटतं तितकं नाही. मोठ्या सत्ता एकमेकींवर सरळ हात टाकायला कचरतात, हे खरं. १९४५ नंतर अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यात उघड युद्ध झालं नाही. पण शेवटी कुणीच अणुबॉम्ब टाकणार नाही असा विश्वास वाटला, की त्याच्या अलीकडच्या पायऱ्या चढायला दोघेही धजावतात. दरीच्या काठाशी रेटारेटी करणाऱ्या दोघांपैकी कुणालाच पडायचं नसतं. पण पाय ज्याचा घसरतो त्याने तो ठरवून घसरवलेला नसतो.

ऑक्टोबर १९७३ मध्ये इजिप्त आणि सीरियाने इस्रायलवर हल्ला केला. सोव्हिएत विमानं एका बाजूला शस्त्रं उतरवू लागली, अमेरिकी विमानं दुसऱ्या बाजूला. २२ तारखेला दोन्ही महासत्तांनी मिळून सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचा ठराव करून घेतला. पण पाठीराखे ‘थांबा’ म्हणाले तरी लढणारे थांबले नाहीत. सुएझ कालवा ओलांडून गेलेल्या इस्रायली सैन्याने इजिप्तची तिसरी आर्मी कोंडून टाकली, तिचं पाणी तोडलं. २४ तारखेच्या रात्री ब्रेझनेव्ह यांचं पत्र वॉशिंग्टनला पोचलं: मिळून सैन्य पाठवू, तुम्हाला जमणार नसेल तर एकट्याने योग्य पावलं उचलण्याचा विचार आम्हाला करावा लागेल. सोव्हिएत हवाई छत्रीधारी डिव्हिजन सज्ज होत्या. निक्सन वॉटरगेट या राजकीय भानगडीच्या गाळात अडकलेले, त्या रात्रीच्या बैठकीला ते नव्हतेच. किसिंजर, संरक्षणमंत्री श्लेसिंजर आणि इतर मोजक्या लोकांनी मध्यरात्रीच्या सुमारास अमेरिकी सैन्याला जगभर सज्जतेची पायरी चढवायला लावली, डेफकॉन ३. भूमध्य समुद्रात दोन्ही आरमारं एकमेकांच्या तोफांच्या टप्प्यात होती.

एका कोंडलेल्या आर्मीच्या पाण्यावरून हे इथवर आलं. सुटलं कसं, तर मॉस्कोने त्या सज्जतेला सज्जतेने उत्तर द्यायचं टाळलं, इजिप्तचे अध्यक्ष सादात यांनी महासत्तांच्या सैन्याची मागणी मागे घेतली, पाच कायम सदस्यांना वगळून संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना उभी राहिली आणि अमेरिकेने इस्रायलवर दबाव आणून कोंडलेल्या सैनिकांना अन्नपाणी पोचवायला लावलं. २८ तारखेच्या पहाटे कैरो-सुएझ रस्त्यावरच्या १०१ व्या किलोमीटरच्या दगडापाशी इजिप्तचे आणि इस्रायलचे सेनाधिकारी समोरासमोर बसले.

युद्ध पसरलं नाही, झळ मात्र पसरली. अरब देशांनी तेल रोखलं आणि तीन डॉलरच्या आसपासचं पिंप जानेवारी १९७४ पर्यंत बारा डॉलरच्या घरात गेलं. पेट्रोल महागलं म्हणून अटलबिहारी वाजपेयी नोव्हेंबर १९७३ मध्ये बैलगाडीतून संसदेत गेले. १९७२ चा दुष्काळ नुकताच सोसून बसलेल्या महाराष्ट्रात घासलेटच्या रांगा लागल्या. महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यामागे बायका लाटणी घेऊन मुंबईच्या रस्त्यावर उतरल्याच होत्या.

मग आज?

मोठ्या सत्तांच्या वैरातून प्रादेशिक युद्ध पसरू शकतं का? पसरू शकतं, आणि माझ्या मते कुणी ठरवून महायुद्ध पुकारण्यापेक्षा असं पायरीपायरीने पसरण्याचा धोका कितीतरी जास्त आहे. युक्रेनमध्ये या पायऱ्या आपल्या डोळ्यांदेखत चढल्या गेल्या. आधी लांब पल्ल्याचे अग्निबाण, मग रणगाडे, मग एफ-१६ विमानं, मग रशियाच्या हद्दीत क्षेपणास्त्रं डागायची परवानगी. तिकडे रशियाने उत्तर कोरियाचे सैनिक कुर्स्कमध्ये आणले, अण्वस्त्रांच्या वापराचं धोरण बदललं. प्रत्येक पायरी एकेकटी बघितली तर छोटी, आणि आजवर प्रत्येक पायरीनंतर जग शाबूत राहिलं. तेच मला काळजीचं वाटतं, कारण मागची पायरी पचली म्हणून पुढचीही पचेल असं मानायची सवय लागते.

१५ नोव्हेंबर २०२२ रोजी पोलंडमधल्या पशेवोदुफ या सीमेजवळच्या गावात धान्य वाळवण्याच्या जागी क्षेपणास्त्र पडलं. दोन माणसं ठार झाली. पोलंड नाटोत आहे. पहिल्या काही तासांत रशियाने नाटोवर हल्ला केला अशा बातम्या सुटल्या, पाचव्या कलमाची भाषा सुरू झाली. जगातले मोठे नेते तेव्हा बालीमध्ये परिषदेसाठी जमलेले होते. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडेन यांनी मार्गाचा अंदाज पाहता ते रशियातून सुटलेलं असण्याची शक्यता कमी असल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी नाटो आणि पोलंड दोघांनीही म्हटलं की बहुधा रशियाची क्षेपणास्त्रं पाडताना भरकटलेलं ते युक्रेनचं बचावाचं क्षेपणास्त्र होतं. एका रात्रीची सवड मिळाली, ती त्यांनी घेतली. मोल्टकेच्या आगगाड्यांनी अशी सवड दिली नसती.

ही सवड राहावी म्हणून गेल्या साठ वर्षांत जे बांधलं गेलं, ते मात्र एकेक करून मोडत आहे. १९६२ च्या क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांच्या पेचानंतर हॉटलाइन आली, मग शस्त्रकपातीचे करार, एकमेकांच्या तळांच्या तपासण्या. मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार २०१९ मध्ये संपला. अण्वस्त्रांची संख्या बांधून ठेवणाऱ्या न्यू स्टार्ट करारातला सहभाग रशियाने २०२३ मध्ये स्थगित केला आणि त्या कराराची मुदतही फेब्रुवारी २०२६ पर्यंतचीच होती. युद्धाच्या बातम्यांत मी आता स्फोटांच्या आधी हे शोधतो: कोण कुणाशी अजून बोलतंय, कुणाच्या सेनापतींनी फोन घेतला, कुणी आपल्याला नक्की किती हवं ते सांगितलं.

जून २०२३ मध्ये सिंगापूरला संरक्षणमंत्र्यांची वार्षिक परिषद होती. अमेरिकेने बैठकीसाठी विचारलं होतं, चीनने नकार दिला. २ तारखेच्या रात्रीच्या जेवणाला अमेरिकेचे लॉइड ऑस्टिन आणि चीनचे ली शांगफू यांनी हस्तांदोलन केलं, बाकी काही नाही. दुसऱ्याच दिवशी तैवानच्या सामुद्रधुनीत एक चिनी युद्धनौका चुंग-हून या अमेरिकी विनाशिकेच्या पुढून आडवी गेली. दोन जहाजांत अंतर उरलं होतं दीडशे यार्डांचं, क्रिकेटच्या एका मैदानाएवढं. अमेरिकी जहाजाने वेग कमी केला. दोन्ही देशांच्या सेनांमधली बंद पडलेली बोलणी पुन्हा सुरू करायचं ठरलं ते त्यानंतर पाच महिन्यांनी.